काउंटर नंबर चार

सोहारमध्ये सकाळी साडेसातला
सुपरमार्केटात माणसं कमी, गारवा जास्त.
मी रात्रपाळी उतरून येते,
पायांत अजून वॉर्डातल्या फेऱ्या चालूच असतात.
दूध, अंडी, खबूसचं पाकीट,
आणि मेथी, मिळाली तर.

दाराशी डावीकडे सहा यंत्रं,
उजवीकडे एकच काउंटर, नंबर चार.
एक, दोन, तीन कुठे गेले
ते कुणी विचारत नाही.

मी डावीकडे वळते.
खरं सांगते, मला यंत्र बरं वाटतं.
रात्रभर बारा जणांना
'कसं वाटतंय' विचारून झालेलं असतं,
सकाळी मला कुणी विचारू नये.
यंत्राला बारकोड हवा असतो,
माझा चेहरा नको.

तसनीम परकारला हे पटत नाही.
ती खेडची, समोरच्या फ्लॅटमधली.
म्हणते, "अगो बाय, आपणच टुक-टुक करायचं,
आपणच पिशवी भरायची,
मग पगार कुणाला?"
रांग फ्रीजपर्यंत गेली तरी ती काउंटरलाच,
कारण तिथे झुवैना बसते,
आणि झुवैनाला
तसनीमच्या मुलीचे बारावीचे मार्क पाठ आहेत.

शुक्रवारी दुपारी कॅम्पची बस येते.
पोरं नोटांची घडी मुठीत धरून
काउंटरलाच थांबतात,
यंत्राला रोकड चालत नाही.
तांदूळ, कांदे, रिचार्जचं कार्ड.
बेरीज चढत जाते तसे डोळे पडद्यावर,
आणि शेवटी एखादा
साबणाची वडी हळूच मागे ठेवतो.
झुवैना ती, न बघितल्यासारखं करत,
काउंटरखाली सरकवते.
हे यंत्रासमोर कसं करतात, मला ठाऊक नाही.
तिथे 'रद्द' दाबलं की लाल दिवा लागतो
आणि अख्खं दुकान वळून बघतं.

मेथीचंही तसंच.
यंत्राच्या चित्रांत सगळ्या जुड्या सारख्या,
पुदिना, कोथिंबीर, जिरजीर.
मेथी काही सापडेना,
म्हणून एकदा तिला जिरजीर म्हणून घेतली,
पंचवीस बैसे स्वस्त पडली.
घरी पानं खुडताना
उगाच चोरटं वाटत राहिलं.
भाजी मात्र चांगली झाली होती.

मंगळवारी पहाटे सात नंबरचे आजोबा गेले,
सहमचे, खजुराची बाग असलेले.
मुलगा मस्कतहून निघाला होता.
तोवर हात मी धरला होता.

सकाळी यंत्रापुढे उभी राहिले
आणि एकच दूध तीनदा स्कॅन केलं.
लाल दिवा.
झुवैना आली, हिरव्या दोरीची किल्ली फिरवली,
दोन दुधं पुसून टाकली.
माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही.
मीच बोलले, मोडक्यातोडक्या अरबीत,
की माफ कर, तुझ्याकडे येत नाही मी,
कुणाशी बोलायचं जिवावर येतं.

तिला हसू आलं.
"मलाही," म्हणाली.
"सुट्टीत नवऱ्याबरोबर मॉलला गेले
की मी यंत्रच शोधते.
आठ तास सलाम, शुक्रन, पिशवी हवी का,
मग कुणाचं तोंड बघवत नाही.
तसनीमला सांगू नकोस."

आम्ही दोघी तशाच उभ्या.
दुधाच्या बाटलीला घाम फुटलेला.
बराच वेळ कुणी काही दाबलं नाही,
तसा पडदा अंधुक झाला,
आणि त्यावर अक्षरं आली,
वर अरबी, खाली इंग्रजी:
आपण अजून इथे आहात का?

माझ्याआधी झुवैनाचं बोट पुढे गेलं.
तिने 'हो' दाबलं.